कैलासवासी नाना रोज सकाळी येतात

आमच्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी स्वतःच्याच स्मरणार्थ बांधलेल्या बाकावर येऊन बसतात.

मी थट्टा करत नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी आहे. तिच्या बागेत, विहिरीच्या जाळीपासून जरा पुढे, कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे. त्याच्या पाठीवर संगमरवराची पाटी आहे. तिच्यावर कोरलंय, 'कै. नारायण तुकाराम निकम यांच्या स्मरणार्थ'. त्याखाली जरा बारीक अक्षरात, 'देणार : सौ. कौसल्या नारायण निकम'. या पाटीला पाठ टेकून, लेंगा-सदरा, माकडटोपी आणि पुण्याच्या मुलाने पाठवलेले भडक केशरी बूट अशा थाटात जे म्हातारे गृहस्थ बसलेले असतात, तेच नारायण तुकाराम निकम. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

नवीन भाडेकरू फिरायला आला की दमून तिथे टेकतो. उठताना त्याचं लक्ष पाटीकडे जातं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो विचारतो, "हे निकम कोण होते हो?"

"होता एक," नाना म्हणतात. "पाटबंधारे खात्यात होता. जरा खडूस, पण मनाने वाईट नव्हता. चहा मात्र फार प्यायचा."

"कधी गेले?"

"बाग झाली त्याच वर्षी. उद्घाटनालाच गेला."

नवीन माणूस हळहळतो. नाना त्याला पुरतं हळहळू देतात आणि मग हात पुढे करून ओळख करून देतात. एकदा एक बिचारा एवढा दचकला की त्याचा मोबाइल शेजारच्या पाण्याच्या हौदात पडला. मी नानांना झापलं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, "मेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, सेक्रेटरीबाई?"

सेक्रेटरीबाई म्हणजे मी. माझं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. मुदत संपलेली वस्तू फळीवर ठेवायची नाही आणि लेबलावर लिहिलंय तेच बाटलीत असलं पाहिजे, एवढी दोन तत्त्वं मी आयुष्यात पाळली. बाग समितीने मला सेक्रेटरी केलं तेही याच कारणाने. अशा बाईच्या वाट्याला असा माणूस यावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

झालं होतं असं. कॉलनी वसली तेव्हा बागेची जागा म्हणजे नुसतं मोकळं रान होतं. त्याआधी तिथे द्राक्षबाग होती. मी लग्न होऊन आले तेव्हा मांडवाचे काही दगडी खांब अजून उभे होते आणि आम्ही बायका त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचो. पुढे सगळ्यांनी खेटे घालून तिथे बाग मंजूर करून घेतली. कुंपण झालं, झाडं लागली, पण बाकांना कोणी वाली नव्हता. तेव्हा ठरलं, की प्रत्येक घराने आपल्या माणसाच्या स्मरणार्थ एकेक बाक द्यावा.

लोकांनी आपापले आईवडील, सासूसासरे आणले. निकमांच्या घरी मात्र कौसल्याकाकू अडून बसल्या. काकू सटाण्याकडच्या. कंबर कसलेली, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "मेल्यावर बाक बांधून त्या माणसाला काय कळतं? माझा माणूस जन्मभर कालव्याच्या काठानं पायपीट करत फिरला. तो रिटायर होतोय. त्याला जिवंतपणी बसू द्या की!" समितीला हे एकदम पटलं. 'श्री. नारायण तुकाराम निकम यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त' असा मजकूर काकूंनी कारागिराला तोंडी सांगितला.

कारागिराने 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ' हे सगळ्या पाट्यांवर आधीच कोरून ठेवलं होतं. बागेत जिवंत माणसाचा बाक असू शकतो, हे त्याच्या डोक्यात येणार कसं? त्याने मधल्या जागेत फक्त नावं भरली.

उद्घाटनाला एक पुढारी आले होते. ते पाट्यांवरून नजर फिरवत प्रत्येक दिवंगताबद्दल दोन शब्द बोलत चालले होते. निकमांच्या बाकाशी आल्यावर त्यांचा गळा दाटून आला. "नारायणराव माझे जवळचे स्नेही. त्यांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली..." नारायणराव समोरच नारळ घेऊन उभे होते. ते एक पाऊल पुढे झाले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, पोकळीच बोलतेय. आभारी आहे."

सगळी बाग हसली. पुढारीही हसले, म्हणजे त्यांना हसावंच लागलं. काकू मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "हाई काय करी टाकं वं माय!" हे काय करून ठेवलं, असं म्हणत त्या नखाने ते 'कै.' खरवडायला गेल्या. नानांनी त्यांचा हात धरला. "राहू दे गं. जिवंतपणी कोणी एवढं चांगलं बोललं होतं का माझ्याबद्दल?"

त्या दिवसापासून नाना मेले ते मेलेच.

आणि मरण त्यांना फार मानवलं. कोणाच्या लग्नाला जायचं नसलं, की "अशुभ दिसेल, मेलेला माणूस मांडवात कसा नेणार?" सोसायटीच्या मीटिंगला बोलावलं, की "माझं मत आता पितरांच्या खात्यात." जिलेबी असली मात्र न बोलावता हजर. वर "कावळा समजा" म्हणून दोनदा वाढून घेणार. माझ्या दुकानात येऊन म्हणायचे, "मेलेल्या माणसाला बीपीची गोळी द्या." मी म्हणायचे, "मेलेल्यांनाही चिठ्ठी लागते, नाना." मग ते सदऱ्याच्या खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढायचे. चिठ्ठी नेहमी बरोबर असायची. त्यामुळे मला पुढे भांडता यायचं नाही.

मागच्या गल्लीतले एक निवृत्त सर फार काटेकोर. त्यांनी एकदा हरकत घेतली. "निकम, तुम्ही कैलासवासी, तर वहिनी सौभाग्यवती कशा? दोन्हीपैकी एक काहीतरी चूक आहे."

नाना म्हणाले, "मी गेल्यानं तिचं काही अडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, सर."

शेजारी काकू मेथीची जुडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी देठांची मूठ नानांच्या मांडीवर टाकली. "मेलेल्या माणसानं गप बसावं," त्या म्हणाल्या.

तो बाक नावाला नानांचा, वापर सगळा काकूंचा. बाजारातून येताना त्या तिथे थांबायच्या, पिशवी मधोमध ठेवायच्या आणि तिथेच भाजी निवडायच्या. कोणी पोरगी परीक्षेत नापास होऊन, कोणी सून सासूशी भांडून बागेत आलेली दिसली, की हाक यायची, "आठे बठ वं बाई." इथे बस. मग तिच्यापुढे अर्धी जुडी. निवडून होईपर्यंत तिचं रडं संपलेलं असायचं. माझं दुकान नवीन असताना, गिऱ्हाईक येत नव्हतं तेव्हा, मीही तिथे बरीच मेथी निवडली आहे.

काकूंचं आणखी एक म्हणजे, बागेतल्या प्रत्येक बाकाचा माणूस त्यांना पाठ होता. नाना ते त्यांच्याकडून शिकले आणि पुढे त्याचा मोठा कारभार केला. आमच्या बागेत 'तिसरा बाक' किंवा 'गेटजवळचा बाक' असं कोणी म्हणत नाही. मुलं एकमेकांना सांगतात, "देवरे आजीवर भेटू." नानांनी पुढे प्रत्येक बाकाचा स्वभावही ठरवून टाकला. देवरे आजी म्हणजे कॉलनीतली पहिली पिठाची गिरणी चालवणारी बाई, म्हणून पाय दुखले की तिच्यावर बसायचं, बाईला कष्टाची कदर आहे. कंपाउंडर पगारेंच्या बाकावर औषध घ्यायला विसरलेल्यांनी बसू नये. मास्तरांच्या बाकावर मोबाइल काढायचा नाही. कॉलेजचं एखादं जोडपं चुकून मास्तरांवर टेकलं, की नाना लांबूनच ओरडायचे, "तिथं नका! एसटीच्या ड्रायव्हरवर बसा. तो कोणाला काही विचारायचा नाही."

या बागेत खेळून मोठ्या झालेल्या मुलांनी यातल्या एकालाही पाहिलेलं नाही. पण गिरणी कोणाची होती, विहिरीतून पहिला पंप कोणी बसवला, पुराच्या वर्षी भाकऱ्या कोणाच्या घरातून आल्या, हे त्यांना ठाऊक आहे. मी इतिहासावर भाषण करणाऱ्यातली नाही. पण माझा भाचा एका चकचकीत टॉवरमध्ये राहतो. तिथल्या बागेत कारंजं आहे, आणि आपल्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला सांगता येत नाही.

काकू पाच-सहा वर्षांपूर्वी गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तेवढ्यात संपलं. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बाकावर. मी विचारलं, "कसे आहात, नाना?"

"मी मेलेलाच आहे, बाई," ते म्हणाले. "माझं नवीन काही नाही."

मी हसले. तेही हसले. मग गोळ्या संपल्यात का विचारून मी दुकानात गेले.

गेल्या वर्षी बागेचं सुशोभीकरण निघालं. फरसबंदी, व्यायामाची यंत्रं, फोटो काढायला एक मोठं लाल हृदय, असं सगळं आलं. बाक जुनेच ठेवायचे ठरले, पण पाट्यांची पार रया गेली होती. कोणाचं अर्धं नाव शेवाळाने खाल्लं होतं, कोणावर क्रिकेटच्या चेंडूने टवके काढले होते. सगळ्यांवर काळ्या ग्रॅनाइटच्या एकसारख्या पाट्या लावायच्या, आणि मजकूर तपासून घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे.

मी घरोघर गेले. एका घरात आजोबांच्या नावापुढे पदवी हवी होती, दुसऱ्या घरात देणगीदारांत सुनेचं नाव हवं होतं. सगळं मार्गी लावलं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "मेलेल्या माणसाची परवानगी घेताय?" पुन्हा विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मी माझ्या मते फार योग्य काम केलं. चुकीचं लेबल इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, ते एकदाचं सरळ केलं. शिवाय मनात आलं, की इतक्या लोकांच्या आया, आज्या बागेत आहेत, आणि जिने निम्मी कॉलनी या बाकावर बसवून शांत केली, तिच्याच स्मरणार्थ काही नाही. म्हणून मी मजकूर दिला, 'कै. सौ. कौसल्या नारायण निकम यांच्या स्मरणार्थ'. त्याखाली, 'देणार : श्री. नारायण तुकाराम निकम'. समितीत सगळे म्हणाले, वा. काटेकोर सर तर म्हणाले, "अखेर!"

पाट्या बसवायला मिस्त्री आला. छिन्नी-हातोडा घेऊन बाकामागून बाक करत तो कडुनिंबाखाली पोचला. नाना पाटीला पाठ लावून बसलेले.

"बाबा, जरा उठा. पाटी काढायचीय."

"मेलेल्या माणसाला उठवता येतं का रे?"

"पाचच मिनिटं, बाबा. मला अजून चार करायच्यात."

"मग त्या कर आधी. मी कुठं पळून जातोय?"

मिस्त्रीने मला हाक मारली. मी तरातरा गेले. सकाळची दुकान उघडायची वेळ होती. "नाना, आता पुरे हं. चूक ती चूक. पुढे येणाऱ्याने वाचलं तर त्याला खरं काय ते कळायला नको? आणि तुम्ही बघा तरी आधी, काय केलंय ते." मी नवी पाटी मिस्त्रीकडून घेतली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. खरं तर मला वाटत होतं, ते खूश होतील.

नानांनी चष्मा पुसला आणि पाटी वाचली. मग बोट अक्षरांवरून फिरवत पुन्हा वाचली. मी विनोदाची वाट बघत होते. विनोद आला नाही.

"छान झालीय," ते म्हणाले. "अक्षर चांगलं काढलंय."

"मग बसवू ना?"

"बाई, हिच्यावर ती गेलीय."

मला समजलं नाही. मी म्हटलं, "नाना, काकू गेल्या त्याला..."

"माहितीय मला. मीच होतो ना तिथं." त्यांनी माकडटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घरात फोटोला हार आहे. रेशनकार्डावरनं नाव काढायला मी गेलो. गॅसच्या ऑफिसात मी गेलो. बँकेत मी गेलो, मतदार यादीला मी गेलो. जिथं जिथं ती होती, तिथं तिथं मी स्वतःच्या पायांनी जाऊन तिला मारून आलो. दाखला दाखवायचा, ते खोडायचे. एवढी एकच जागा राहिलीय जिथं मी गेलोय आणि ती आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमचं ठरलंही तसंच होतं. मी मोठा तिच्यापेक्षा."

मिस्त्री छिन्नी हातात घेऊन कधी माझ्याकडे, कधी नानांकडे बघत होता.

मी पाटी उचलली. चांगलीच जड होती. "पुढच्या बाकावर जा," मी त्याला म्हटलं.

"आणि ही?"

"ही राहू दे. जुना दगड काढताना बाक फुटेल."

"नाय फुटणार, मॅडम."

"फुटेल," मी म्हटलं.

समितीच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलंच. सगळ्या पाट्या बदलल्या, मग एकच चुकीची का ठेवली? मी सांगितलं, संबंधित मृत व्यक्तीने हरकत घेतली आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण मी विनोद करते असा माझा लौकिक नाही. काळी पाटी समितीच्या खोलीत टेबलावर पालथी पडलेली आहे. तिच्यावर आम्ही चहाचे कप ठेवतो. तिच्या खालच्या बाजूला काय लिहिलंय ते समितीत सगळ्यांना माहीत आहे; नाना चहा प्यायला येतात तेव्हा मात्र आपला कप हातातच धरतात.

परवाची गोष्ट. एक नवीन बाई कॉलनीत राहायला आली आहे, हरसूलच्या शाळेत शिक्षिका होती, बदली होऊन इकडे आली. पहिल्यांदाच बागेत आली आणि नेमकी त्याच बाकावर टेकली. मी दुकान उघडण्याआधीची माझी फेरी मारत होते. नानांचं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. होता एक, खडूस होता, चहा फार प्यायचा. ती बाई हळहळली. मग मान वळवून तिने पाटीची खालची ओळ वाचली.

"अगंबाई, मग या मिसेस निकम? त्या असतात का इथे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे मेलेल्या माणसाचीच चौकशी करायचे. नानांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या दुकानात लेबलावर एक आणि बाटलीत एक असं कधी झालेलं नाही. मी थांबले.

"असतात ना," मी म्हटलं. "रोज येतात. आत्ता भाजी आणायला गेल्यात."

"हो का? मग भेटेन की त्यांना. थांबते जरा."

"थांबू नका," नाना म्हणाले. ते बाकाच्या कडेला सरकले आणि मधली, पिशवी ठेवायची जागा त्यांनी हाताने पुसली. "मेथी मिळाली असली तर तिला उशीर होईल."